ममतेचा जमाखर्च

ममता हे बंधन, असे आपल्या वेदान्ती पोथ्या बजावून सांगतात. वारकरी मात्र देवालाच माउली म्हणतो आणि दिंडीत शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसालाही तीच हाक मारतो. आईच्या मायेला एकाने बेडी मानावे आणि दुसऱ्याने देवत्व द्यावे, ही विसंगती आपण फार सहज पचवली आहे. खरे पाहता आईची ओढ मुळातच पक्षपाती असते. मैदानावर शंभर पोरे खेळत असली तरी तिची नजर आपल्या पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावरच जाते. मग अशी एखादी बाई शाळेची चिटणीस होऊन दुसऱ्यांच्या मुलांसाठी दारोदार फिरते, तेव्हा त्या ममतेचे काय होते? मला वाटते, ती ममतेला हिशेबाला बसवते. निष्काम कर्म व्यवहारात उतरते ते याच रूपात.

याचा पुरावा पुण्याच्या कर्वेनगरातच आहे. या वस्तीचे जुने नाव हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 साली पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि 750 रुपये दिले आणि 1900 मध्ये तिथे आश्रमाची झोपडी उभी राहिली. पुढे कर्व्यांनी सेवकांच्या संघाला नाव दिले ‘निष्काम कर्म मठ’. नाव भारदस्त, पण त्यातले रोजचे काम वर्गणी गोळा करण्याचे. ते काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले होत्या. देवरुखकडचा जन्म, विशीच्या आसपास वैधव्य, पदरी एक मुलगा. बाई आश्रमात शिकल्या, तिथेच कामाला लागल्या आणि निधीसाठी गावोगाव हिंडल्या. 1918 मध्ये तर जेमतेम इंग्रजीच्या बळावर त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र 1928 चे. त्या काही बंडखोर नव्हत्या. पुनर्विवाहाचा मार्ग त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही, आणि स्त्रीचे मुख्य क्षेत्र घरच, असे त्यांचे मत होते. म्हणूनच त्यांचे उदाहरण मोलाचे वाटते. आईपणावर एवढा विश्वास असलेली बाईच घराबाहेर इतकी लांब गेली.

यावर पहिला आक्षेप असा, की वर्गणी मागणे हेच मुळी फळाची इच्छा धरणे. पावत्या फाडणारा निष्काम कसा? पावतीपुस्तक जरा जवळून पाहिले की उत्तर सापडते. पावतीवर नाव देणाऱ्याचे, रक्कम संस्थेची, आणि मागणाऱ्याची खाली नुसती सही. फाडलेला कागद दाता घेऊन जातो, स्थळप्रत पुस्तकात राहते आणि वर्षाअखेरीस ती तपासणारा तिसराच कोणी असतो. मागणाऱ्याच्या हाती पैही उरत नाही. पुण्याचा हिशेब माणूस मनातल्या मनात मांडतो आणि तिथे लबाडी सोपी असते. पैशाचा हिशेब चारचौघांत वाचला जातो. गीतेतल्या लोकसंग्रहावर आपल्याकडे भाष्यांचे डोंगर आहेत, पण कीर्द-खतावणीइतकी कडक साधना त्यांत क्वचितच सांगितलेली दिसते. केशवपनाचेही तसेच. पार्वतीबाईंनी बरीच वर्षे ते पाळले. सोवळ्या बाईवर सनातनी घरे विश्वास टाकत, हे त्या ओळखून होत्या. 1912 साली त्यांनी ते सोडले. वर्गणीला उपयोगी पडणारी खूण त्यांनी वर्गणी चालू असतानाच टाकली. फळावर डोळा ठेवणारा माणूस हे करणार नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: जगाच्या पोरांना आई मिळाली, पण घरच्या पोराचे काय? हा सवाल बाप गावभर हिंडला तर कोणी विचारत नाही, हे आधी नोंदवून ठेवू. तरी तो टाळता येत नाही. असे सार्वजनिक काम दुसऱ्या एखाद्या बाईच्या चुलीवर उभे असते. पार्वतीबाईंना थोरली बहीण बाया कर्वे यांचे घर होते. बायांच्या संसाराची ओढाताण तर आश्रमापायीच झाली. त्याग एकाचा आणि झळ दुसऱ्याला, ही निष्कामतेतली खरी खोट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

याहूनही अवघड आक्षेप आजचा आहे. बाईला माउली म्हटले की तिला पगार द्यायला नको, ही आपली सोयीस्कर भक्ती. पालक संघाची चिटणीस सभेची नोटीस काढते, इतिवृत्त लिहिते, फी थकलेल्या घरी जाऊन हलक्या आवाजात बोलून येते. स्नेहसंमेलनात तिला श्रीफळ मिळते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्याने माझे म्हणणे मोडत नाही. हिशेब हीच जर साधना असेल, तर बाईंचे तासही कीर्दीत यायला हवेत. त्यांनी मानधन नाकारले, तर ते आधी खर्ची दाखवून मग देणगी म्हणून जमेस लिहावे, आणि त्याची पावती त्यांच्या नावाने फाडावी.