रिकामी होडी आणि न आलेली होडी

मालवणच्या बंदरावर तीन होड्यांचा दिवसाचा हिशेब मांडायचा आहे असं समजा. एकीला ४० टोपल्या बांगडा मिळाला, दुसरीला २०, तिसरी दिवसभर जाळं टाकून रिकामी परतली. सरासरी २० टोपल्या. जावास्क्रिप्ट शिकू लागलेल्या मुलीने सरासरी काढण्याआधी यादीवर रिकाम्या नोंदी गाळणारं, स्वतः लिहिलेलं ‘कॉम्पॅक्ट’ फंक्शन फिरवलं, तर उत्तर ३० येतं. तिसरी होडी यादीतूनच गेली!

यात तिची चूक म्हणावी तर लोडॅश या गाजलेल्या लायब्ररीतलं त्याच नावाचं फंक्शनही असंच वागतं. नल, अनडिफाइंड, नॅन, फॉल्स, रिकामी स्ट्रिंग या सगळ्यांबरोबर ते शून्यही काढून टाकतं.

चंक, युनिक, डिबाउन्स अशी लहान फंक्शनं लिहून नवशिके आपली सरावाची लायब्ररी तयार करतात. अंडरस्कोर २००९ पासून आणि लोडॅश २०१२ पासून उपलब्ध असताना हा खटाटोप कशाला? हात बसावा म्हणून, असं उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण अपुरं. तयार फंक्शनात ‘नाही’ कशाला म्हणायचं हे दुसऱ्या कुणी ठरवून ठेवलेलं असतं; स्वतः लिहिताना ते आपल्याला ठरवावं लागतं. आणि हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे.

वैशेषिक दर्शनाच्या परंपरेने अभावाला सातवा पदार्थ मानलं आणि त्याचे चार प्रकार केले. उद्याची मासळी आज नाही, हा प्रागभाव. कालची खाऊन संपली, हा प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग नाही, हा अत्यंताभाव. बांगडा म्हणजे पेडवा नव्हे, हा अन्योन्याभाव. नुसतं ‘नाही’ त्यांना चालत नाही. कशाचं नाही आणि कुठे नाही, हे सांगावंच लागतं. प्राभाकर मीमांसकांना हे पटलं नाही. घडा नसलेली जमीन म्हणजे नुसती जमीन, त्यात आणखी वेगळी वस्तू कसली, असा त्यांचा सवाल. कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी मात्र अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं, तेही एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी.

ही अट बंदरावर फार कामाची आहे. जिची नोंदच आली नाही, त्या होडीला काही मिळालं नाही असं म्हणता येत नाही. तिथे शून्य लिहिणं खोटं, आणि रिकाम्या परतलेल्या होडीचं शून्य पुसणंही तितकंच खोटं.

जावास्क्रिप्टने नल आणि अनडिफाइंड असे दोन ‘नाही’ दिले, पण त्यांतला फरक पाळणं लिहिणाऱ्यावर सोडलं. त्यात नलचा प्रकार विचारला तर भाषा ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर देते. १९९५ च्या पहिल्या आवृत्तीतली ही चूक. सुधारली तर जुनी संकेतस्थळं मोडतील म्हणून तशीच राहिली. अभावाला वस्तू मानणाऱ्या वैशेषिकांना गंमत वाटली असती. ज्ञानेश्वरांना बहुधा नाही: ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनाला एक मोठं प्रकरण दिलेलं आहे, आणि अज्ञान ही खरोखरची वस्तू मानणाऱ्यांना तिथे थारा नाही. त्या ग्रंथाचं अर्वाचीनीकरण करणारे कवी विंदा करंदीकर मालवणच्याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातले. आधी असलेलं पुन्हा का लिहायचं, हा प्रश्न त्यांनाही लागू होता.

यादीतल्या सगळ्यांना अट लागू होते का, हे तपासणाऱ्या ‘एव्हरी’ फंक्शनाची खोड आणखी वेगळी. साधारण १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. ‘गेलेल्या सगळ्या नौका परतल्या का?’ असं रिकाम्या यादीला विचारलं तर उत्तर ‘ट्रू’ येतं. नवशिक्याला हा बिघाड वाटतो. पण ते विधान खोटं पाडायला न परतलेली एक तरी नौका दाखवावी लागेल, आणि तशी एकही नाही. ‘एखादी तरी परतली का?’ असं ‘सम’ फंक्शनाला विचारावं, म्हणजे ‘फॉल्स’ मिळतं.

तेव्हा नव्याने शिकणाऱ्यांनी कॉम्पॅक्ट एकदा तरी स्वतः लिहावं, आणि शून्य ठेवायचं की टाकायचं हे सांगणारा एक पॅरामीटर त्याला द्यावा. नंतर लोडॅश खुशाल वापरा.