परतीची तार

डिसेंबरात पहाटे पावणेसहाला आमच्या गल्लीत दोनच आवाज असत. एक दूधवाल्याच्या कॅनचा, दुसरा आमच्या व्हॅनच्या सेल्फचा. दूधवाल्याचा रोज सारखाच. सेल्फचा मात्र ऐकून ठरवावं लागे. सासूबाई आतल्या खोलीतून, रजईतूनच निकाल सांगत. लांबलचक घर्र आली की "लागेल आज." नुसतंच टक् झालं की "रिक्षा बघा." त्यांचा अंदाज आमच्या कुठल्याही मेकॅनिकपेक्षा कमी चुकला.

व्हॅन जुनीच घेतली होती. कुठल्या कंपनीची ते सोडा; तिचा काही दोष नव्हता, हे पुढे कळेलच. आठ माणसं बसतील आणि नागपूरच्या लग्नाकार्याला सगळे एकत्र जातील, एवढाच हिशेब. जबलपूरहून नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात: बरगी, धूमा, लखनादौन, सिवनी, मग पेंचचं जंगल. आजेसासरे नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले, पण घरात अजून 'तिकडे' म्हटलं की नागपूरच. तिकडे जायला हक्काची गाडी असावी, ही सासूबाईंची हौस. दोन वर्षांत ती गाडी तिकडे एकदाच पोचली. बाकी दोन वेळा धूम्याच्या अलीकडून ट्रकवाल्याच्या दोराला बांधून परत आली. लग्नाच्या साड्या नेसलेल्या आम्ही बायका मागे बसून हसत होतो. नंतर हसू ओसरलं.

दुखणी तीन होती आणि पाळीपाळीने येत. बॅटरी उतरायची. सेल्फ उचलायचा नाही. आणि अ‍ॅक्सिलेटरची वायर अडकायची; पाय उचलला तरी इंजिन भणभणतच राहायचं. बॅटरीवाल्याने बॅटरी बदलली. सेल्फवाल्याने आधी कार्बन बदलले, मग आख्खा सेल्फ. तिसऱ्याने वायर बदलली, ती चार महिन्यांत गेली. पुन्हा बदलली, पुन्हा गेली. "डुप्लिकेट माल है, भाभीजी," असं प्रत्येक जण आधीच्या मालाबद्दल सांगे. काढलेले सुटे भाग मी जिन्याखाली एका गोणीत ठेवत गेले. पैसे मोजून घेतलेली वस्तू भंगारात द्यायला हात होत नाही.

एका सकाळी बॅटरी पार उतरलेली निघाली आणि नवऱ्याने चौदा वर्षांच्या मुलाला धरलं. आदल्या संध्याकाळी तो गाडीत क्रिकेटची बॅट शोधत होता, म्हणजे आतला दिवा त्यानेच चालू ठेवला असणार. मुलगा म्हणाला, "मी बंद केला होता." नवरा म्हणाला, "मग बॅटरी काय मांजराने प्यायली?" मुलगा डबा न घेता शाळेत गेला. मी दोघांनाही काही बोलले नाही, पण त्या दिवशी आमच्याकडची भांडी जरा जास्तच वाजली.

हे सगळं कोणत्या गावात? जबलपुरात. गन कॅरिज फॅक्टरी इथे १९०४ पासून आहे, व्हेईकल फॅक्टरी १९६९ पासून. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनलेले शक्तिमान ट्रक इथले, निसानच्या आराखड्यावरची जोंगा इथली. जोंगाच्या नावातला 'ज' हा जबलपूरचाच. ज्या गावची वाहनं सैन्याला घेऊन डोंगर चढली, त्या गावात आमची व्हॅन ग्वारीघाटच्या आरतीला जाताना हमखास बंद पडायची. मदनमहालचा तोल सावरून बसलेला दगड तर २२ मे १९९७ च्या पहाटेच्या भूकंपातही हलला नाही. सासूबाई व्हॅनला तोच दाखला देत. व्हॅनवर परिणाम शून्य.

शेजारच्या काकांना विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं, याची आता लाज वाटते. काका व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले, तिथल्या असेंब्लीवर उभी हयात गेलेली. आम्ही त्यांच्याकडे फक्त तिळगुळाला आणि गणपतीच्या आरतीला जात असू. त्या रविवारी तेच स्वेटरवर मफलर गुंडाळून आले. "वहिनी, रोज सकाळी ऐकतोय. आज राहवलं नाही."

त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. नवऱ्याला सेल्फ मारायला सांगितला, इंजिनवरची सीट उचलली आणि अ‍ॅक्सिलेटरच्या वायरवर दोन बोटं ठेवली. झटकन काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात लावून बघा. जपून." मी लावला. वायर तापली होती, चहाच्या कपासारखी. इंजिन तर रात्रभराचं गार होतं. अजून सुरूच झालं नव्हतं.

काकांनी घरून एक जाड केबल आणली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. "मारा आता." सेल्फ असा फिरला की शेजारचं कुत्रं उठून गेलं. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

मग ते चटईवर आडवे होऊन गाडीखाली गेले आणि तिथूनच समजावत राहिले. बॅटरीतून निघालेला करंट जाड केबलने सेल्फपर्यंत जातो, पण त्याला बॅटरीकडे परतही यावं लागतं. गाडीत परतीसाठी वेगळी तार नसते, गाडीचा पत्राच परतीची वाट. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसवलेलं, हादरे लागू नयेत म्हणून. आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनपासून पत्र्यापर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. अर्थची पट्टी. वीतभर लांब, एक बोल्ट इकडे, एक तिकडे. कुणीतरी कधीतरी क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला, आणि परत बसवताना ती पट्टी गंजावर आणि रंगावरच आवळून टाकली. दिसायला जोडलेली, प्रत्यक्षात तुटलेली.

हेडलाइटचा एक दिवा पाच अँपिअरवर भागतो. सेल्फला शंभरावर लागतात. तेवढा करंट परत जायला निघाला आणि वाट बंद, तर तो थांबत नाही. जी मिळेल ती वाट धरतो. आमच्या गाडीत त्याला अ‍ॅक्सिलेटरची वायर मिळाली, कारण ती इंजिनलाही टेकते आणि पत्र्यालाही. बिचारी पाय दाबला की ओढायची, एवढ्याच कामासाठी केलेली. तिच्या आतलं प्लास्टिक वितळायचं आणि ती अडकायची. सेल्फला पुरेसा करंट मिळायचा नाही म्हणून तो 'खराब' ठरायचा. अल्टरनेटरचा करंटही त्याच वाटेचा मोहताज, म्हणून बॅटरी नीट भरायची नाही. दिवे मात्र लख्ख, कारण ते पत्र्यालाच जोडलेले. त्यांचा इंजिनशी संबंध नाही. त्या लख्ख दिव्यांनीच तिन्ही मेकॅनिक फसले.

काका पॉलिश पेपरने गंज घासत होते आणि मी चहाचा कप हातात धरून उभी होते. कपाच्या चटक्यावरून वायरचा चटका आठवत होता. नवऱ्याच्या बॅंकेत त्या महिन्यात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. तिथे त्याला उलट बोलता येत नव्हतं. शंभर अँपिअर दिवसभर अंगातून जायचे आणि परतीला रस्ता नाही. मग घरी आल्यावर जो सर्वांत बारीक, जो इकडेही टेकलेला आणि तिकडेही, त्याच्यातून ते जायचे. पोरगा हल्ली अडकतो, उत्तर देत नाही, दार आपटतो, म्हणून आम्ही काय बदलायला निघालो होतो? क्लास बदलू, मोबाइल काढून घेऊ, मोठ्या काकांकडे नागपूरला ठेवू. मी तर शाळेत जाऊन बाईंनाही भेटून आले होते. माझं स्वतःचंही काही वेगळं नव्हतं. माझी परतीची वाट म्हणजे भांडी, आणि ती निदान वाजून तरी दाखवतात. दिव्यांचं म्हणाल तर पाहुण्यांसमोर आमचं घर अगदी लख्ख.

बोल्ट आवळून काका बाहेर आले. "वहिनी, खर्च काय झाला माहितेय? एक पॉलिश पेपर." मग त्यांनी विचारलं, जुने सेल्फ-बिल्फ कुठे टाकले? मी गोणी ओढत आणली. काकांनी जुना सेल्फ अंगणातल्या फरशीवर ठेवला, त्यावर पाय दाबला आणि बॅटरीच्या केबल लावल्या. तो पायाखालून उसळी मारून गरगर फिरला आणि घसरत तुळशीच्या कट्ट्याला जाऊन आपटला. सासूबाई आतून ओरडल्या, "लागली का?"

मुलगा पायरीवर बसून हे सगळं बघत होता. "म्हणजे हा खराब नव्हताच?"

"नव्हता," काका म्हणाले.

"आणि बॅटरी?"

"तीही नसावी. भरतच नव्हती ना."

मुलगा पुढे काही बोलला नाही. फक्त बापाकडे बघितलं. नवरा हातावरचं ग्रीस फडक्याला पुसत होता, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिला. मग त्याने खिशातून चावी काढली आणि मुलासमोर धरली.

"न्यूट्रलमध्ये आहे. मारतोस सेल्फ?"