बसून खाणाऱ्यांचा वारसा

बसून खाल्ले तर कुबेराचा खजिनाही पुरत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. वसमतकरांना या म्हणीचा पुरावा लांब शोधायला नको. सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्याच्या राज्यात वसमत होते, त्या सातव्या निजामाचे घराणेच तो पुरावा आहे.

हा निजाम, मीर उस्मान अली खान, जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई. तरी तो एकच जुनाट टोपी वर्षानुवर्षे वापरी आणि सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा कागदांवर वजन म्हणून ठेवी. १९६७ मध्ये तो वारला आणि गादी नातू मुकर्रम जाहकडे आली. सोबत हजारो नोकर आले, आश्रित आले, वाट्यासाठी भांडणारे नातलग आले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. जाहने ऑस्ट्रेलियात मेंढपाळीचे अफाट रान घेतले आणि तिथे तो बुलडोझर चालवण्यात, इंजिने खोलण्यात रमला. पुढे तेही हातातून गेले. निजामाचे जडजवाहीर १९९५ मध्ये केंद्र सरकारने २१८ कोटींना घेतले. जेकब हिराही त्यात होता. २०२३ मध्ये जाह इस्तंबूलमध्ये वारला.

आजोबा चिकट, नातू खर्चिक. तरी दोघांचे दुखणे मला एकच वाटते. विक्षिप्तपणा कुणात नसतो? आपल्यासारख्यांचा विक्षिप्तपणा पाऊस, बाजारभाव आणि उधारी वेळच्या वेळी ताळ्यावर आणतात. साठलेला पैसा ही टोचणी लांबवतो. माणूस चुकत राहतो आणि चुकीची किंमत मोजायला साठा पुढे येतो. साठा संपतो तेव्हा सुधारायला वय उरलेले नसते.

निजामाचा हा साठा आला कुठून? त्यात मराठवाड्याच्या काळ्या रानात राबणाऱ्या कुणब्याने भरलेला साराही होता. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, निजामाची खासगी जमीन सरकारात जमा झाली आणि घराण्याची मिळकत आटली. खर्चाच्या सवयी मात्र राज्य असतानाच्याच राहिल्या. कूळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आल्यावर आपल्याकडच्या कित्येक वाड्यांतही हेच झाले. लग्न निघाले की एक वावर विकायचे, मानपान मात्र तोच ठेवायचा.

आज ही गोष्ट फक्त वाड्यांची राहिलेली नाही. गावाजवळची जमीन प्लॉटिंगला देऊन एकरकमी पैसा घेणारे घर त्याच वाटेवर पाऊल ठेवते. वसमतची हळद जवळपास नऊ महिने रानात असते. मग काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश. एवढे केल्यावरच ती मोंढ्यात जाते. हे सारे ज्याच्या हातून गेले, त्याला रुपया कशाने उभा राहतो हे सांगावे लागत नाही. म्हणून सातबाऱ्यावर मुलाचे किंवा मुलीचे नाव चढवण्याआधी त्यांना त्या वावरातला एक पूर्ण हंगाम स्वतः काढायला लावावा. जमिनीसोबत ती कसायची अक्कल गेली नाही, तर आपण वारशाच्या नावाने फक्त विकायचा माल देत असतो.