मध्यस्थाचा अधिकार
न्यायशास्त्रात वादी व प्रतिवादी यांपैकी कोणाचाच पक्ष न घेणाऱ्या निर्णयकर्त्यास ‘मध्यस्थ’ म्हणतात. त्याचा अधिकार देहातून येतो की निःपक्षपातातून, हा प्रश्न १८ जुलै २०१९ रोजी ब्रिस्बेन येथे प्रत्यक्ष मैदानावर आला, कारण त्या दिवशी बेलिंडा शार्प या ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगमध्ये पुरुषांच्या सामन्यात पंच झालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. तेरा-तेरा खेळाडूंच्या या खेळात चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडले की बचावफळीला १० मीटर मागे हटावे लागते, आणि ही रेषा कोठेही आखलेली नसते. पंच धावत जाऊन जेथे उभा राहतो, तीच रेषा होते. देहाचा संबंध येतो तो एवढाच, की दमछाक न होता त्या जागी वेळेवर पोहोचावे लागते, आणि शार्प यांनी ती कसोटी स्पर्शरेषेवरील पंच म्हणून कित्येक हंगाम दिली होती. स्त्रीने मध्यस्थ होणे परंपरेलाही नवे नाही: शंकराचार्य व मंडनमिश्र यांच्या वादाच्या परंपरागत कथेत मंडनपत्नी उभयभारती मध्यस्थ होती, आणि पती एका पक्षात असूनही तिच्या निःपक्षपातावर कोणी संशय घेतला नाही. मैदानावर पुढे २०२२ मध्ये झालेल्या रग्बी लीगच्या पुरुष विश्वचषकात टोंगा–वेल्स सामन्याची शिट्टी केसी बॅजर या स्त्री पंचाच्या हाती आली.