दाराशीं आलेल्या हरणास चारा घालावा काय?

उन्हाळा चढला, माळ करपला आणि ओढ्यांचें पाणी आटलें, म्हणजे हरणें वस्तीकडे सरकूं लागतात. कर्जत, नान्नज, सुपें ह्या बाजूच्या वाचकांस हें नव्यानें सांगावयास नको. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य झालें; पण त्याचें क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाहीं, आणि काळविटांचा कळप कांहीं सरकारी सीमा पाहून चरत नाहीं. तो पिकांत येतो, पडीक रानांत बसतो, आणि सकाळच्या प्रहरीं घराच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर उभा दिसतो. अशा वेळीं घरांतील कोणी दयाळू माणूस सुपांत चार ओंजळी ज्वारी किंवा रात्रीच्या उरलेल्या भाकरी घेऊन बाहेर जातो. हें करणें योग्य आहे काय, आणि योग्य असल्यास घालावें तरी काय, असा प्रश्न आहे. वरवर पाहतां तो लहान दिसतो. परंतु परोपकार कशास म्हणावें हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे, म्हणून त्याचा थोडा खोल विचार करूं.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अशा प्राण्यास घास घालणाऱ्याच्या मनांत बहुधा कांहीं स्वार्थ नसतो. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कोंबडी अंडें देते. हरीण कांहींच देत नाहीं, उलट दिसेनासें होतें. तरीही त्याच्या बरगड्या पाहून ज्याचा जीव कळवळतो, त्यास हंसणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाहीं. तथापि हेतु चांगला असणें ही एक गोष्ट, आणि कृत्य हितकर असणें ही दुसरी. ज्याचें भलें करावयाचें, त्याचें भलें कशांत आहे हें विचारण्याचाही भार दया करणाऱ्यावर पडतो.

तर मग पोटापासूनच आरंभ करूं. आपण ज्यांस सरसकट हरणें म्हणतों, त्यांत चितळ व सांबर हीं शिंगें टाकून पुन्हां नवीं धारण करणारीं खरीं हरणें होत. काळवीट व चिंकारा हे शिंगें न टाकणारे, म्हणून शास्त्रज्ञ त्यांस निराळे गणतात. पण रवंथ करणारें चार कप्प्यांचें पोट सर्वांचें सारखेंच. त्यांतील पहिल्या मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात, आणि गवत पचवितात ते खरोखर हेच. जो चारा नेहमीं येतो त्यासच ते सरावलेले असतात. वाळलेलें गवत व पाला ह्यांवर महिने काढलेल्या जनावराच्या पोटांत एकाएकीं धान्य, पीठ किंवा भाकरी पुष्कळशी पडली, तर तेथें आंबण्याची क्रिया भलत्याच वेगानें होते, आम्ल सांचतें, आणि जनावर एकदोन दिवसांत मरूंही शकतें. शेतकऱ्यास हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. खळ्यावर सुटलेली गाय धान्याच्या राशीवर तुटून पडली म्हणजे काय होतें, हें त्यानें पाहिलेलें असतें. गाईसाठीं धांवत जाऊन डॉक्टर आणतां येतो. हरीण मात्र दूर जाऊन एखाद्या झुडपाआड मरतें, आणि ज्यानें दाणे घातले तो समाधानानें झोंपलेला असतो. अमेरिकेंत हिमवर्षावाच्या दिवसांत लोकांनीं मका घातल्यावर कित्येक हरणें भरल्या पोटीं मेलेलीं आढळतात, त्याचेंही कारण हेंच.

पण समजा, कोणी म्हणाला कीं, मी धान्य घालणार नाहीं, हिरवा चारा घालीन, तोही थोडा थोडा. मग तरी हरकत काय? येथें प्रश्न पोटाचा राहत नाहीं, शेजाऱ्याचा होतो. आणि माझ्या मतें खरा मुद्दा हाच आहे. हरीण माझ्या दारीं पेंढीभर चारा खातें, आणि तेथून उडी मारून शेजाऱ्याच्या हरभऱ्यांत किंवा नुकत्या उगवलेल्या बाजरींत शिरतें. तें एकटेंही येत नाहीं, कळप येतो. माझा खर्च एक पेंढी, त्याचा खर्च दुबार पेरणी. शिवाय जनावर माणसास बुजेनासें झालें, म्हणजे शेजारी रात्रभर डबा वाजवीत बसला तरी तें हलत नाहीं, कारण माणूस दिसला कीं चारा मिळतो हें त्यास मींच शिकविलेलें असतें. नुकसानीची भरपाई देण्याची सरकारी तरतूद आहे खरी; परंतु पंचनामा, कागदपत्रें आणि हेलपाटे ह्यांत ज्याचा हंगाम निघून जातो, त्याच्या चुलीला ती वेळेवर उपयोगी पडतेच असें नाहीं. दोन एकरांवर पांच माणसें जगविणाऱ्या कुटुंबाविषयीं मी बोलत आहें.

नाथान भविष्यवाद्यानें दावीद राजास सांगितलेली गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. धनवानानें पाहुण्याचा आदर केला, पण मेंढी कापली ती गरिबाची. तो पाहुणचार खोटा होता असें त्या गोष्टींत कोठें म्हटलेलें नाहीं. पाहुणा खरोखर भुकेलाही असेल. दोष इतकाच कीं, औदार्य एकाचें आणि तोटा दुसऱ्याचा. हरणास चारा घालणारा आपल्या शेजाऱ्याची मेंढी कापीत नाहीं ना, हें त्यानें स्वतःस विचारून पाहावें. आणि ह्याचा शेवट कधींकधीं फार वाईट होतो. हताश झालेला शेतकरी कुंपणांत विजेचा प्रवाह सोडतो किंवा फासे लावतो. काळवीट व चिंकारा ह्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान आहे, तेव्हां प्राणी जिवास मुकतो आणि शेजारी तुरुंगाच्या दारीं जातो. (जातां जातां सांगावेंसें वाटतें कीं, त्याच कायद्यांतील शिकारीच्या व्याख्येंत आमिष दाखविणें हेंही येतें. दयाळू माणसाची ओंजळ आणि शिकाऱ्याची ओंजळ दुरून सारखीच दिसते, आणि हरणास तर दोहोंतील भेद मुळींच कळत नाहीं.)

कुत्र्यांविषयीं फारसें लिहीत नाहीं, कारण तें सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. गांवाजवळ आलेलीं किती हरणें व पाडसें मोकाट कुत्र्यांच्या तोंडीं पडतात, हें मेंढपाळांस विचारावें. रोगाची गोष्ट मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. एकाच घमेल्यांत शेळ्या आणि हरणें तोंड घालूं लागलीं, म्हणजे लाळ-खुरकूत व पी.पी.आर. असे रोग इकडून तिकडे जाण्यास वाट मिळते. मंगोलिया देशांत २०१६-१७ च्या हिवाळ्यांत शेळ्यामेंढ्यांकडून आलेल्या पी.पी.आर. रोगानें सैगा नांवाचीं हजारों रानटी हरणें मेलीं.

जेथें चारा घालण्याची रीत फार दिवसांची आहे, अशीं दोन ठिकाणें पाहण्यासारखीं आहेत. जपानांतील नारा शहरीं हजाराहून अधिक हरणें उद्यानांत मोकळीं फिरतात. त्यांच्यासाठीं तांदळाचा कोंडा व पीठ ह्यांच्या, साखर नसलेल्या पातळ चकत्या विकत मिळतात. इतकी व्यवस्था असूनही २०१९ सालीं तेथें मेलेल्या चौदा हरणांपैकीं नवांच्या पोटांत प्लास्टिकच्या पिशव्या व वेष्टनें निघालीं. एकाच्या पोटांत तर चार किलोंहून अधिक. पुढें २०२० सालीं साथीमुळें पाहुणे येईनासे झाले, तेव्हां त्यांतील कांहीं हरणें अन्नाच्या शोधांत शहराच्या रस्त्यांवर हिंडूं लागलीं. दुसरें ठिकाण अमेरिकेंतील वायोमिंग प्रांतांतील जॅक्सन. तेथें शहर व गुरांचे वाडे वसल्यामुळें वापिती नांवाच्या मोठ्या हरणांचीं हिवाळी कुरणें अडलीं, हजारों उपाशी मेलीं, म्हणून १९१२ सालीं सरकारनें त्यांच्यासाठीं राखीव जागा केली, आणि हिवाळ्यांत त्यांस चारा घालण्याची रीत पडली. आज तेथें मोठी चिंता हीच आहे कीं, एका जागीं दाटलेल्या कळपांत रोग पसरतो. विशेषतः १९६७ सालीं कोलोराडोंत प्रथम ध्यानांत आलेला, हरणांस झिजवून मारणारा रोग. त्यावर औषध नाहीं, आणि त्याचें विष मातींत वर्षानुवर्षें टिकतें. चारा बंद करावा तर उपासमार, चालू ठेवावा तर रोग, अशा पेंचांत तेथील अधिकारी सांपडले आहेत.

ह्यावर कोणी असें म्हणेल, आणि तें म्हणणें वजनदार आहे, कीं हरणांची भूक आपणच निर्माण केली. माळ नांगरले, गायरानें बळकावलीं, गवताळ रानास पडीक ठरवून तेथें भलतीं झाडें लावलीं. मग जॅक्सनच्या लोकांप्रमाणें आपणही देणेकरी नाहीं काय? आहोंत. परंतु ज्याचें शेत आपण घेतलें त्यास रोज दारीं बोलावून मूठभर पीठ घालणें म्हणजे देणें फेडणें नव्हे. गवताचें देणें गवतानेंच फिटतें. गांवच्या गायरानांतील थोडा भाग राखून तेथें मारवेल, पवन्या पुन्हां वाढूं देणें, वणवा लागूं न देणें, बांधावरील बोरी व बाभळी न तोडणें, हें ग्रामसभेच्या हातचें काम आहे. आणि त्याचा लाभ गांवच्या शेळ्यामेंढ्यांसही होतो. बवाजानें रूथीसाठीं कणसें मुद्दाम टाकविलीं तीं स्वतःच्या शेतांत, हेंही येथें लक्षांत घ्यावें. राजस्थानांतील बिश्नोई लोक पांचशें वर्षांहून अधिक काळ काळविटांस अभय देत आले आहेत. १७३० सालीं खेजडली येथें झाडें वांचविण्यासाठीं त्यांच्यांतील ३६३ माणसांनीं प्राण दिले. ते काळविटांस पिकांत चरूं देतात तें आपल्या पिकांत, आणि सगळ्या वस्तीच्या संमतीनें. ज्या गांवीं असें एकमत होईल, त्या गांवास माझा वरील आक्षेप लागू नाहीं.

पाण्याविषयीं पुष्कळ जण विचारतात. वनखात्याचे पाणवठे रानांत असतात. ते कोरडे पडले असतील तर ते भरविण्यासाठीं गांवानें मागणी करावी, टँकरला हातभार लावावा. अंगणांतील टांकें भरून ठेवलें तर हरणें अंगणांत येतील, आणि कुत्रींही तेथेंच असतात. त्याहून निकडीचें काम कठडा नसलेल्या विहिरींचें आहे. पाण्याच्या वासानें किंवा कुत्र्यांच्या भयानें धांवणारें हरीण रात्रीं अशा विहिरींत पडतें. कंबरेइतका कठडा बांधला, निदान काटेरी फांद्यांचें कुंपण घातलें, तर पुष्कळ जीव वांचतील, आणि घरचीं पोरेंही.

राहिली पाडसांची गोष्ट. हरिणी आपलें नवजात पिल्लूं गवतांत निजवून दूर चरावयास जाते आणि ठराविक वेळीं येऊन त्यास पाजते. तें पिल्लूं हलत नाहीं, ओरडत नाहीं. म्हणून मुलांस वाटतें कीं आईनें टाकलें, आणि तीं तें कडेवर घेऊन घरीं येतात. मग त्यास गाईचें दूध पाजणें, गळ्यांत घुंगरू बांधणें सुरू होतें. हें बेकायदेशीर तर आहेच, शिवाय असें वाढविलेलें नर काळवीट मोठें झालें म्हणजे माणसाची भीति न उरल्यामुळें शिंगें उगारून अंगावर येतें. पाडस दिसल्यास त्यास हात लावूं नये, तेथून निघून जावें, म्हणजे आई परत येईल. तें जखमी असेल, किंवा आई मेलेली प्रत्यक्ष दिसत असेल, तर १९२६ ह्या क्रमांकावर वनखात्यास कळवावें, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत वस्तीवरचीं कुत्रीं बांधून ठेवावीं.