सोय, करार आणि प्रेम

कोरियन चित्रकथांमध्ये प्रौढ स्त्री-पुरुषांनी सोयीसाठी केलेला विवाह हे आता एक रूढ कथासूत्र झाले आहे. वारसा, कर्ज, घरच्यांचा तगादा अशा एखाद्या निकडीतून दोघे करार करतात, अटी ठरवतात आणि यथावकाश एकमेकांच्या प्रेमात पडतात. मराठी प्रेक्षकाला हे सूत्र परके नाही. २०१२ साली झी मराठीवर आलेल्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' या सतीश राजवाडे दिग्दर्शित मालिकेतील घना आणि राधा लग्न करतात, ते पुढे वेगळे होण्याचे ठरवूनच. (परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली नसती, तर असे कथानक सुचणेही अवघड होते.)

अशा संहितांचे वाचन बहुधा एकाच दिशेने होते : करार खोटा, प्रेम खरे, आणि कथानकाचा प्रवास खोट्याकडून खऱ्याकडे. हे वाचन मला नैतिकदृष्ट्या संशयास्पद वाटते. आपल्याला काय हवे आणि काय चालणार नाही, हे उघड बोलण्याची मुभा नायिकेला मिळते ती कराराच्याच प्रसंगात. प्रेम आले की अटी गळून पडतात आणि वाचक सुखावतो. त्या अटींबरोबर अट घालण्याचा तिचा अधिकारही गेला काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

'सोय जाणे तो सोयरा' म्हणणाऱ्या भाषेला सोयीचे वावडे असण्याचे कारण नाही. नगर-पुणे रस्त्यावरील सुप्यासारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावी मुलगा कंपनीत पर्मनंट आहे की कंत्राटी, ही चौकशी स्थळ पाहताना होणारच. तिला कोणी अनैतिक म्हणत नाही. ती करतात मात्र वडीलधारे. जिच्यासाठी करायची, ती चहा-पोहे घेऊन बाहेर येते.

याच जिल्ह्याच्या पाथर्डी भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईने लग्ने लावली जातात. मुलगी पुष्कळदा अल्पवयीन असते. हाही सोयीचाच विवाह. येथेही करार आहे, पण तो मुकादमाशी झालेला, आणि त्यात तिला तोंडच नाही. तेव्हा सोयीमुळे विवाह डागाळतो काय, हा प्रश्न मुळातच चुकीचा मांडला गेला आहे. सोय कोणाची आणि ती बोलून दाखवण्याचा अधिकार कोणाला, येथून विचाराला आरंभ व्हायला हवा.

या चित्रकथांवर पलायनवादाचा आक्षेप घेतला जातो. त्यांच्या शेवटापुरता तो मला मान्य आहे; आरंभापुरता नाही. प्रौढ स्त्री समोरासमोर बसून स्वतःच्या लग्नाच्या अटी स्वतः मांडते, हे दृश्य आपल्या कादंबरीनेही क्वचितच रंगवले आहे. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये (१९३३) शिकलेल्या, मिळवत्या मुली आपली कोंडी बोलून दाखवतात. त्यांनी अटी घातल्या नव्हत्या, निःश्वासच टाकले होते. गदारोळ तेवढ्यावरही उठला.