शाळा : पाच मिनिटं

भाचीला घर घ्यायचं होतं. ती आणि तिचा नवरा दोघंही हिंजवडीला नोकरीला, मुलगी चार वर्षांची. गेले सहा महिने दर रविवारी आम्ही पुण्याच्या पश्चिमेला सॅम्पल फ्लॅट बघत हिंडत होतो. मला बरोबर नेण्याचं कारण एकच : "मावशी, तू शिक्षिका होतीस, शाळेचं तुला कळतं." घर घेताना त्यांची पहिली अट 'जवळ चांगली शाळा' ही होती. दुसरी पार्किंग.

प्रत्येक सेल्स ऑफिसात भिंतभर नकाशा असतो. मध्ये आपला प्रकल्प, भोवती हॉस्पिटल, मॉल, मेट्रो आणि शाळांचे निळे ठिपके. ठिपक्याखाली लिहिलेलं : शाळा, ५ मिनिटं. कशानं पाच मिनिटं, हे कुठंच लिहिलेलं नसतं. मी एका मंगळवारी सकाळी नातीचं बोट धरून ती पाच मिनिटं चालून बघितली. अंतर जेमतेम नऊशे मीटर. गेटपासून शंभर पावलांवर फुटपाथ संपला. पुढे डीपी रोड अर्धाच झालेला, तिथून खडीवरून चालायचं. पाण्याचा टँकर वळताना आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या. मग नाला, त्यावर कठडा नसलेला स्लॅब आणि शेवटी सहा पदरी रस्ता, ना सिग्नल ना पट्टे. तिथं मी तिला कडेवर घेतलं. शाळेच्या फाटकाशी पोचायला एकतीस मिनिटं लागली. रखवालदार म्हणाला, "चालत कुणी येत नाही हो इथं, मावशी." फाटकासमोर पिवळ्या बसगाड्यांची रांग होती, आणि त्यातली एक आम्ही बघत असलेल्याच सोसायटीतून आलेली होती. नऊशे मीटरसाठी बस, तीही आणखी चार सोसायट्यांना वळसा घालून. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असा आदेश राज्य सरकारनं २०२४ साली काढला तो मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. ती झोप कुठं जाते ते त्या रांगेकडे बघून कळत होतं.

मात्र रस्ता ही या गोष्टीतली लहान अडचण आहे. मोठी अडचण आत, प्रवेशाच्या खिडकीवर कळली. आम्ही समोरच घर घेणार आहोत, असं भाची उत्साहानं सांगायला गेली. खिडकीतल्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, "त्यानं फरक पडत नाही मॅडम. आधी भावंडं, मग फॉर्म, मग इंटरॅक्शन." म्हणजे ज्या शाळेच्या भरवशावर चौरस फुटाचा भाव चढला, ती शाळा त्या चौरस फुटाला काहीच देणं लागत नाही.

हे सूत्र आपण उसनं आणलंय. अमेरिकेत 'चांगल्या शाळेजवळ घर' या शब्दांना कायद्याचा अर्थ आहे. तिथं सरकारी शाळेत प्रवेश पत्त्यावरून ठरतो, आणि शाळेचा बराचसा खर्च त्याच परिसरातल्या घरपट्टीतून निघतो. न्यू जर्सीतले आपले मराठी लोक घर बघताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट विचारतात ते उगाच नाही. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी मॅसॅच्युसेट्समधल्या उपनगरांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. शाळांच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं त्यांनी ताडून पाहिली. वस्ती तीच, फक्त शाळा वेगळी. परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेसाठी लोक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. त्या व्यवस्थेचा दुष्टपणाही तितकाच उघड आहे. ओहायोतल्या एका आईनं मुलींना चांगली शाळा मिळावी म्हणून आपल्या वडिलांचा पत्ता दिला, तर २०११ साली तिला तुरुंगात जावं लागलं. पण निदान तिथं पैसे मोजणाऱ्याला शाळा मिळते. आपण नकाशावरचा ठिपका विकत घेतो.

आपल्याकडे पत्त्याला शाळेच्या दारात वजन आहे ते मुख्यतः एका ठिकाणी, आणि ते सॅम्पल फ्लॅट बघणाऱ्यांसाठी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. महाराष्ट्रात त्या देताना एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना, असा क्रम लागतो. ऑनलाइन अर्जात नकाशावर एक फुगा ओढून नेमका आपल्या घरावर ठेवावा लागतो. भाचीकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलासाठी तो फुगा मी ठेवला आहे. वस्ती दाट, खोलीचं छप्पर ओळखू येईना. मग ताईंनी देवळाच्या कळसापासून बोटानं मोजत मोजत दाखवलं : "ही निळी ताडपत्री आमची." शाळा तिथून सहाशे मीटरवर. सगळं जुळत होतं. अडलं ते भाडेकरारावर. करार नोंदणीकृत लागतो, आणि खोलीमालक नोंदणीला तयार नाही, कारण कागद झाला की खोल्या मोजल्या जातील. ज्या एका बाईला तिचा पत्ता शाळा मिळवून देऊ शकत होता, तिच्याकडे पत्त्याचा कागद नव्हता.

या एक किलोमीटरची भीती किती आहे, ते २०२४ साली दिसलं. फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द ठरवला. या मुलांच्या फीच्या सरकारी परताव्याबद्दलची शाळांची तक्रार खोटी नाही, पैसे थकतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण सेल्स ऑफिसातल्या गप्पा मी ऐकल्या आहेत. तिथं कुणी परताव्याबद्दल बोलत नाही. तिथं विचारतात, "क्राउड कसा आहे?" चांगली शाळा म्हणताना आपल्या मनात शिक्षक किती असतात आणि आपल्या मुलाशेजारी बाकावर कोण बसणार हे किती असतं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकलेला आहे. कोठारी आयोगानं १९६६ सालच्या अहवालात परिसरातल्या सगळ्या मुलांची एकच शाळा, ही कल्पना मांडली होती. ती कुणी खोडली नाही. ती नुसती राहून गेली.

एके काळी आपल्याकडेच हे उलट क्रमानं होत असे. विलेपार्ल्यात लोक आधी राहायला आले, मग मुलांचं काय हा प्रश्न पडला, आणि लोकमान्य गेल्यानंतर वर्षभराच्या आत, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय उभं राहिलं. शिवाजी पार्कच्या भोवती वस्ती भरत होती तेव्हा, १९४० साली, दादासाहेब रेग्यांनी बालमोहन काढली. घर आधी, शाळा मागून, आणि शाळेच्या मागं पुन्हा तेच घरवाले : कुणी वर्गणी देतोय, कुणी समितीवर बसतोय. हे चित्र रंगवताना मी थोडं जपून बोलते, कारण या 'सगळ्यांच्या' शाळाही प्रामुख्याने पांढरपेशांच्या होत्या. तरी एक गोष्ट खरी. त्या पालकांना शाळा शोधायची वस्तू वाटत नव्हती.

आता व्यवहाराचं. कर्ज वीस वर्षांचं, आणि शाळा फार तर बारा वर्षांची. त्या बारा वर्षांत मुख्याध्यापक बदलतात, संस्था विकल्या जातात, स्टेट बोर्डाची शाळा एका उन्हाळ्यात सीबीएसई होते. चार वर्षांच्या मुलीसाठी निवडलेली शाळा ती चौदाची होईपर्यंत तीच राहील, यावर मी माझ्या पेन्शनचा एक हप्तासुद्धा लावणार नाही. म्हणून भाचीला मी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं : आधी शाळेत प्रवेश घे, मग तिथं चालत जाता येईल असं भाड्याचं घर बघ, आणि विकत घ्यायचं ते दोन वर्षं तिथं राहून ठरव. शाळा बिघडली तर भाड्याचं घर एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं. तिनं ऐकून घेतलं. तिच्या सासरी भाड्याचं घर म्हणजे अजून स्थिरस्थावर न झाल्याची खूण मानतात, त्यापुढे माझं गणित टिकलं नाही.

मग निदान जिथं घेतेयस तिथला विकास आराखडा तरी बघ, म्हणून मी तिला महापालिकेत पाठवलं. झोन दाखला आणि भाग नकाशा कुणालाही मिळतो. पण लोक तो बघतात फक्त आपल्या प्लॉटवर काही आरक्षण नाही ना, एवढ्यासाठी. शेजारच्या प्लॉटवर काय आहे हे क्वचितच कुणी बघतं. शहराच्या आराखड्यात प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, मैदान यांसाठी जागा राखलेल्या असतात. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरीनं १९२९ साली मांडलेलं तत्त्व त्यामागं आहे : वस्तीच्या मध्यावर शाळा, आणि मोठा रस्ता न ओलांडता मुलाला तिथं जाता यावं. सिडकोनं नवी मुंबई आखताना सेक्टरमध्ये शाळांचे भूखंड धरले तेही त्याच विचारानं. पण आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाखाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. तेवढ्या काळात कुणी पाठपुरावा करायचा? कायद्यानं नव्हे, पण स्वभावतः, तिथं राहणाऱ्यांनी. आणि राहणाऱ्यांना ती शाळा नको असते, कारण ती महापालिकेची असणार.

भाचीनं आणलेल्या नकाशात एक गंमत सापडली. आम्हाला आवडलेल्या इमारतीच्या पूर्वेला एक चौकोन होता आणि त्यावर लिहिलेलं होतं : प्राथमिक शाळा. मला तो प्लॉट आठवला. सॅम्पल फ्लॅटच्या गॅलरीतून तो दिसतो, हिरव्या जाळीच्या कुंपणाआड बाभळी आणि दोन म्हशी. त्या रविवारी सेल्सच्या मुलानं तिथंच उभं राहून सांगितलं होतं, "या बाजूला कधीच काही होणार नाही मॅडम, रिझर्व्हेशन आहे. ओपन व्ह्यू."

गेल्या आठवड्यात बुकिंग झालं. सातवा मजला, पूर्वेची बाजू. त्या बाजूला चौरस फुटामागं दीडशे रुपये जास्त पडले, व्ह्यूचे.